दुकान मिटले, वास्तू राहिली



ज्या कार्यासाठी वास्तू उभारली, ते कार्य थांबले की त्या वास्तूचे काय करावे? अमेरिकेतील शिकागो शहराला हा प्रश्न एका जुन्या भव्य दुकानाने विचारला.

१८७१ च्या अग्निप्रलयात शिकागोचा मध्यभाग भस्मसात झाला. त्यानंतरच्या पुनर्रचनेत पोलादी सांगाड्यावर उंच इमारती उभारण्याचे तंत्र तेथे विकसित झाले. लुई सलिव्हन हे त्या परंपरेतील अग्रगण्य वास्तुशिल्पी. स्टेट आणि मॅडिसन रस्त्यांच्या चौकात 'श्लेसिंगर अँड मेयर' या व्यापारी पेढीसाठी त्यांनी १८९९ मध्ये नऊ मजली भाग व १९०३-०४ मध्ये कोपऱ्यावरील बारा मजली भाग बांधला. भार पोलादाने पेलल्यामुळे खिडक्या प्रशस्त झाल्या. खालच्या दोन मजल्यांना बिडाच्या ओतकामातील नाजूक वेलबुट्टीने मढविले. तिच्या रेखाटनात जॉर्ज एल्म्स्ली या सहकाऱ्याचा मोठा वाटा होता.

मूळ पेढीला मात्र ही वास्तू लाभली नाही. १९०४ मध्येच ती 'कार्सन पिरी स्कॉट' कंपनीकडे आली आणि पुढे शतकाहून अधिक काळ तेथे व्यापार चालला. सलिव्हन यांचे १९२४ मध्ये विपन्नावस्थेत निधन झाले. त्यांच्या अनेक इमारती पुढे पाडल्या गेल्या. शिकागोचे जुने स्टॉक एक्स्चेंज पाडले जात असताना, १९७२ मध्ये, त्यातील शिल्पावशेष वाचविणारे छायाचित्रकार रिचर्ड निकल ढिगाऱ्याखाली मृत्युमुखी पडले.

दुकानाच्या वास्तूला १९७५ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. विसाव्या शतकाच्या मध्यास काढून टाकलेली तिची माथ्यावरील कंगणी २००६ मध्ये पुन्हा घडविण्यात आली. २००७ मध्ये कार्सनचे दुकान कायमचे बंद झाले. परंतु वास्तूवर कुदळ पडली नाही. 'सलिव्हन सेंटर' या नावाने तिच्यात कार्यालये आली, २०१२ मध्ये तळाशी 'टार्गेट' हे नवे दुकान उघडले आणि काही मजल्यांवर आर्ट इन्स्टिट्यूटच्या कलाविद्यालयाचे वर्ग भरू लागले. १८९३ ची सर्वधर्मपरिषद याच आर्ट इन्स्टिट्यूटच्या मिशिगन मार्गावरील वास्तूत भरली होती व तेथेच वीरचंद राघवजी गांधी यांनी जैन दर्शनाची ओळख पाश्चात्त्यांना करून दिली होती.

केवळ संरक्षित म्हणून घोषित केल्याने वास्तू तगत नाही. तिची डागडुजी व्हावी लागते आणि तिच्यात माणसांचा वावर असावा लागतो. दोहोंपैकी एक जरी सुटले, तरी उरतात त्या केवळ भिंती. शिकागोकरांनी दुकान गमावले, परंतु चौकातील ती वेलबुट्टी पुढील पिढीच्या हाती सुखरूप सोपविली.