मातीचा गोळा मुलांच्या हाती



पोळ्याच्या आदल्या दिवशी खेड्यातल्या एखाद्या ओसरीवर जाऊन बसावे. आजोबा मातीचा बैल करीत असतात आणि नातवंडे भोवती कोंडाळे करून बसलेली असतात. आजोबांच्या हातून जो ढेकळाएवढा गोळा खाली पडतो, तो एखादे पोर हळूच उचलते. त्याला चार बोटे मारते, दोन शिंगे काढते आणि म्हणते, "हा माझा." तो बैल डुकरासारखा दिसतो, कधी बटाट्यासारखाही दिसतो. पण पूजेच्या पाटावर तोही मांडला जातो. आजी त्यालाही हळदकुंकू लावते.

आज मला बोलायचे आहे ते या दुसऱ्या बैलाविषयी. पोराने स्वतःच्या बुद्धीने केलेल्या, वेड्यावाकड्या बैलाविषयी. आपल्या बालवाडीत, अंगणवाडीत आणि पहिली-दुसरीच्या वर्गात त्याला पाट मिळतो का, एवढाच माझा प्रश्न आहे.

चित्र आपण मुलांना काढायला देतो. पाटी आहे, खडू आहे, कागद आहे. पण चित्राला पाठ नसते. मातीच्या वस्तूला पुढची बाजू असते, मागची असते, वरून ती वेगळी दिसते. तिला वजन असते, ती उभी राहते किंवा कोलमडते. लांबी, रुंदी आणि उंची या तिन्हींशी मुलाची गाठ एकाच वेळी पडते. जग आहे तेही असेच, चारी बाजूंनी. म्हणून लहान मुलाला कागदाइतकीच, किंबहुना कागदाच्याही आधी, माती हाताळायला मिळाली पाहिजे.

ही काही नवी गोष्ट नव्हे. हडप्पा आणि मोहेंजोदडो येथील उत्खननांत मातीच्या खेळण्यातल्या गाड्या आणि मान हलणारे बैल सापडले आहेत. जर्मनीत फ्रोबेल यांनी १८३७ साली ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली. तिलाच १८४० मध्ये त्यांनी किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. लोकरीचा चेंडू, लाकडी गोल, घन यांच्याबरोबर मातीकामालाही त्यांनी जागा दिली. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. महागडी साधने खेड्याला परवडणार नाहीत हे ओळखून त्यांनी शंख-शिंपले, पाने-फुले, बिया, खडे हेच साहित्य धरले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यावी, हा विचारही त्यांचाच.

तेव्हा साहित्य आपल्या दाराशी आहे आणि परंपराही आहे. मग अडते कुठे? अडते ते शिकवणाऱ्याच्या हाताशी. हे मी दुसऱ्या कोणाविषयी बोलत नाही, स्वतःच्या अनुभवाने बोलते.

बालवाडीत माझे पहिलेच वर्ष होते. पोळा जवळ आला म्हणून मी एक छान बैल केला, टेबलावर ठेवला आणि मुलांना म्हटले, "असा करा." बावीस मुले होती. बावीस पाट्यांवर बावीस बैल उभे राहिले. एका मुलीचा मात्र बैल बसलेला होता. त्याचे पाय दिसत नव्हते, मान एका बाजूला कललेली होती. मी म्हटले, "अगं, बैल असा असतो का? उभा पाहिजे." आणि तिच्या हातातून तो घेऊन, खाली चार काड्या खोचून, मान सरळ करून दिली. ती काही बोलली नाही. पुढच्या वेळी माती वाटली तेव्हा तिने आपला गोळा माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "बाई, तुम्हीच करून द्या."

पुढे काही दिवसांनी तिची आजी वाटेत भेटली. बोलता बोलता म्हणाली, "बाई, औंदा आमचा पोळा कसला? बैल आठ दिस उठलाच नव्हता. पोरगी त्याच्यापाशीच बसायची."

श्रोतेहो, त्या मुलीने जे पाहिले होते तेच केले होते. तिच्या बैलात तिच्या घरातले दुःख होते. मी त्याला काड्या खोचल्या. तिने पुन्हा आपल्या मनाने माती हातात घेतली ती दिवाळीनंतर. तेव्हाही तिने बैल केला नाही, नुसत्या गोळ्या वळल्या. मी मात्र त्या दिवसापासून टेबलावर नमुना ठेवला नाही.

नमुना ठेवायचा नाही, तर मग करायचे काय? मुलांना नुसते मोकळे सोडायचे? नाही. मोकळेपणा म्हणजे गोंधळ नव्हे. शेतकरी रोपाला ओढून वाढवीत नाही, पण जमीन, पाणी आणि कुंपण पाहणे हे त्याचेच काम असते. तसेच हे आहे.

पहिली गोष्ट जमिनीची, म्हणजे मातीची. गावाजवळची गाळाची, चिकण माती घ्यावी. शाडू मिळाली तर उत्तमच. नुसती काळी माती घेऊ नये. ती पाण्याने फुगते आणि वाळताना आक्रसते, म्हणून तडकते. काळीच मिळत असेल तर तिच्यात थोडी बारीक वाळू मिसळावी. गटाराजवळची, उकिरड्याची, गुरांच्या गोठ्यातली माती मुलांच्या हाती कधीही देऊ नये. माती कुटून, काचा आणि खडे काढून, पाण्यात भिजवावी, पातळ करून फडक्यातून गाळावी, वरचे पाणी निथळू द्यावे आणि मग कणकेसारखी मळावी. परीक्षा सोपी आहे. बोटाएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळायची. फाटली तर माती कोरडी आहे किंवा वाळू जास्त झाली आहे. हाताला चिकटू लागली तर पाणी जास्त झाले. मळलेला गोळा ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवला की बरेच दिवस चालतो. गावात कुंभारदादा असतील तर त्यांनाच विचारावे, त्यांच्याइतकी माती आपल्याला कळत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. प्रत्येक मुलाला मोसंबीएवढा तरी गोळा मिळावा. लिंबाएवढ्या मातीत हात मोकळा होत नाही. आठवड्यातून दोनदा-तीनदा अर्धा-पाऊण तास द्यावा आणि पुन्हा पुन्हा मातीच द्यावी. रोज नवे काही आणण्याच्या भरीस पडू नये. ओळख झाल्यावरच मूल मातीला प्रश्न विचारू लागते.

आता मूल काय करते ते पाहावे. तीन वर्षांचे मूल काहीच "करीत" नाही. ते दाबते, बोट खुपसते, तोडते, थापटते. आपल्याला वाटते, माती वाया चालली. पण ते मातीचा स्वभाव शिकत असते. मग वळ्या येतात, गोळ्या येतात, भाकरी येते. मग एके दिवशी वळीकडे पाहून ते म्हणते, "हा साप!" आधी वस्तू, मागाहून नाव. आणखी काही महिन्यांनी क्रम उलटतो. आधी म्हणते, "मी आता आई करणार," आणि मग करायला बसते. ही पायरी फार मोठी आहे. मनातले चित्र हाताला हुकूम करू लागले, असा याचा अर्थ. कोणी एका गोळ्यातूनच हातपाय ओढून काढतो, कोणी डोके, धड, पाय वेगळे करून जोडतो. दोन्ही रीती बरोबर आहेत. एकाला दुसऱ्याची रीत लावू नये.

मूल उभा माणूस करते आणि तो पडतो. इथे आपला हात शिवशिवतो. तो आवरावा. थोडा वेळ गप्प बसून पाहावे. एक मूल पाय जाड करते. दुसरे त्याला भिंतीला टेकवते. तिसरे म्हणते, "तो झोपलाय," आणि त्याच्यासाठी खाट करते. कडब्याची गंजी खाली रुंद का रचतात हे त्या पहिल्या मुलाला आता सांगावे लागत नाही.

झां पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांसमोर मातीचे दोन सारखे गोळे ठेवले आणि एकाची लांब वळी केली. चार-पाच वर्षांची मुले सांगत, वळीत माती जास्त आहे. सात-आठाच्या सुमारास मूल म्हणू लागते, "तेवढीच आहे, फक्त लांब केलीय." ही समज घोकून येत नाही. शेकडो वेळा गोळ्याची वळी आणि वळीचा गोळा करणाऱ्या हाताचा त्यात मोठा वाटा असतो.

मग शिक्षकाने शिकवायचे काहीच नाही का? शिकवायचे, पण मागितल्यावर. शिंग तिसऱ्यांदा गळून पडले आणि मूल आपल्याकडे आले, की दाखवावे: दोन्ही बाजू काडीने खरवडायच्या, त्यांना पातळ चिखल लावायचा आणि मग दाबून जोडायचे. फार जाड वस्तू आतून ओली राहते आणि तडकते, म्हणून ती पोकळ कशी करावी, हेही वेळ आल्यावर सांगावे. वस्तू उन्हात नव्हे, सावलीत वाळवाव्यात. गरज लागल्यावर मिळालेली युक्ती मूल विसरत नाही.

बोलण्याचीही एक रीत आहे. "हे काय केलंस?" असे विचारले की मूल गोंधळते, कारण कधी कधी ते काहीच नसते. "छान, छान" म्हटले की ते आपल्या तोंडाकडे पाहून काम करू लागते. त्यापेक्षा जे दिसते ते बोलावे. "तू लांब वळ्या केल्यास आणि उभ्या रांगेत लावल्यास." किंवा म्हणावे, "मला याबद्दल सांग." पाटी हळूच फिरवून विचारावे, "आणि मागच्या बाजूनं?" एवढ्याने मुलाला मागची बाजू सापडते.

कुंपण म्हणजे नियम. ते तीनच असावेत: माती फेकायची नाही, दुसऱ्याचे मोडायचे नाही, काम झाल्यावर हात स्वच्छ धुवायचे. हाताला जखम असेल त्या मुलाला त्या दिवशी दुसरे काम द्यावे. चिंचोके, गुंजा, मणी असल्या बारीक वस्तू लहानग्यांच्या हाती देऊ नयेत. तोंडात, नाकात जातात, आणि गुंज तर विषारीच आहे.

मातीबरोबर ज्वारीची धाटे द्यावीत. त्यांच्या बैलगाड्या आपल्या पोरांनी पिढ्यान्‌पिढ्या केल्या आहेत. जुन्या कागदाचा लगदा, नारळाच्या करवंट्या, रिकामी खोकी, गोल गोटे, सारे चालते. आणि दिवाळीचा किल्ला? दगड, गोणपाट, चिखल आणि वर पेरलेले अळीव. कोणीही वर्ग न घेता मुलांनी मिळून केलेले यापेक्षा मोठे शिल्प मी पाहिलेले नाही. अलीकडे तयार किल्ले आणि तयार बैल बाजारात मिळतात. ते सुबक असतात. पण विकत आणलेल्या किल्ल्याचा बुरूज ढासळत नाही, आणि तो पुन्हा कसा बांधावा हेही मग कोणाला कळत नाही.

पालक म्हणतात, "माती खेळायला घर काय थोडं होतं? शाळेत कशाला पाठवलं?" त्यांना उडवून लावू नये. त्यांना एक दिवस वर्गात बसवावे. वळी वळणारी, चिमटीत माती धरणारी ही बोटे उद्या पेन्सिल धरणार आहेत, हे त्यांना डोळ्यांनी दिसेल. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ हे वय शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानले आहे. कोणी हळूच म्हणतो, "हे तर कुंभाराचं काम." त्यावर वाद घालण्यापेक्षा कुंभारदादांना सन्मानाने वर्गात बोलवावे. फिरत्या चाकावर गोळ्याचे मडके होताना मुले ज्या डोळ्यांनी पाहतात, त्यातच त्या माणसाला उत्तर मिळते.

शेवटी वस्तूंचे काय करावे? सगळ्या जपायच्या नाहीत. बहुतेक पुन्हा भिजवून गोळ्यात मिसळाव्यात. मोडून पुन्हा करता येते, हाही मातीचा एक धडा आहे. पण मोडण्यापूर्वी मुलाला विचारावे. जी ठेवायची म्हणेल ती फळीवर मांडावी आणि त्याने सांगितलेले एक वाक्य वहीत लिहून ठेवावे. पहिला-दुसरा क्रमांक मात्र देऊ नये.

शिक्षक बंधुभगिनींनो, उद्या वर्गात माती वाटाल तेव्हा आपले दोन्ही हात थोडा वेळ पाठीमागे धरून पाहा. एखाद्या पाटीवर बसलेला बैल दिसला तर त्याला उठवू नका. जवळ बसा आणि म्हणा, "मला याबद्दल सांग."