घड्याळाशी शर्यत

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



सायकलची शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे सायकलस्वारांचा घोळका येतो. मुंबई-पुणे शर्यत ज्यांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहिली आहे, त्यांना बोरघाटातली ती चुरस आणि 'घाटाचा राजा' या किताबासाठीची धडपड आठवत असेल. अशा शर्यतीत पुढच्याच्या मागे लपता येतं, वारा त्याला सोसू देता येतो आणि शेवटी मुसंडी मारता येते. आज मी ज्या शर्यतीविषयी बोलणार आहे, तिच्यात यातलं काहीच चालत नाही. तिचं नाव टाइम ट्रायल. स्वार एकेक करून, ठरावीक अंतराने सुटतात. कुणी कुणाच्या मागे लपायचं नाही. ठरलेलं अंतर कापायचं आणि घड्याळ काय सांगतं ते ऐकायचं.

या प्रकाराला इंग्लंडमध्ये जोर आला तो अडचणीतून. १८९० साली तिथल्या सायकल संघटनेने सार्वजनिक रस्त्यांवरच्या शर्यतींना मनाई केली. रस्त्यावर घोडागाड्या होत्या, लोकांच्या तक्रारी होत्या. तेव्हा एफ. टी. बिडलेक या गृहस्थांनी युक्ती काढली. सगळ्यांना एकदम सोडलं तर शर्यत दिसते. एकेकाला सोडलं तर एक माणूस सायकलवरून चाललाय एवढंच दिसतं! ५ ऑक्टोबर १८९५ रोजी नॉर्थ रोड क्लबने ५० मैलांची अशी पहिली शर्यत घेतली. पुढे कितीतरी वर्षं तिथले स्वार पहाटेच्या वेळी, अंगभर काळे कपडे घालून हा खेळ खेळत. रस्त्यांनासुद्धा सांकेतिक नावं असत. आजही तिथे १० मैलांची, म्हणजे सुमारे १६ किलोमीटरची टाइम ट्रायल सर्वांत लोकप्रिय आहे.

आता माझा या खेळाशी संबंध काय? मी पन्नाशी ओलांडलेला, कला शाखेचा बी. ए., मराठीत कविता लिहिणारा माणूस. कुणाचा प्रशिक्षक नाही. पण गेली काही वर्षं दर रविवारी फजरची नमाज आटोपली की मी गावाबाहेरच्या एका सपाट, कमी रहदारीच्या रस्त्यावर जातो. पाच किलोमीटर जायचं, पाच यायचं. आठ-दहा मुलं असतात, मुली असतात, एक निवृत्त पोस्टमास्तर असतात. हातात स्टॉपवॉच आणि एक वही घेऊन मी वेळ टिपतो आणि शेवटी स्वतःही सायकल मारतो. त्या वहीने मला जे शिकवलं, तेच आज सांगतो.

वहीतलं एक पान एका पेपर टाकणाऱ्या मुलाचं आहे. जुनी, जड, बिनगिअरची सायकल. दिवाळीनंतर तो पहिल्यांदा आला तेव्हा दहा किलोमीटरला त्याला २१ मिनिटं ४० सेकंद लागली. त्याला वीस मिनिटांच्या आत यायचं होतं. आणि पोराचा नाद बघून त्याचे वडील कर्ज काढून महागडी सायकल घ्यायच्या बेतात होते. मी त्यांना म्हटलं, "भाऊ, चार महिने थांबा. आधी फुकटचा वेग काढून घेऊ. मग विकतचा बघू."

फुकटचा वेग म्हणजे काय, ते समजायला थोडं गणित लागतं. ते मला आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षक मित्राने समजावलं. सपाट रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरच्या वेगात आपल्याला मागे खेचणाऱ्या विरोधापैकी बहुतेक विरोध हवेचा असतो. ही हवा मोठी हिशेबी आहे. वेग दहा टक्क्यांनी वाढवायचा, म्हणजे तीसचा तेहतीस करायचा, तर हवेशी झुंजायला दहा टक्के जादा ताकद पुरत नाही. जवळजवळ एक तृतीयांश जादा लागते. आता वर्षभर घाम गाळूनही ताकद एक तृतीयांशाने वाढवणं किती कठीण आहे, ते तुम्हीच सांगा. उलट, समोरून हवेला दिसणारं आपलं अंग दहा टक्क्यांनी कमी केलं, तर त्याच ताकदीत वीस मिनिटांतला अर्ध्या मिनिटाहून थोडा अधिक वेळ वाचतो. हवा अडते ती मुख्यतः स्वाराच्या शरीरावर. सायकलचा वाटा त्यामानाने लहान.

हे किती खरं आहे, ते १९८९ च्या 'टूर द फ्रान्स'मध्ये जगाने पाहिलं. तीन आठवडे, तीन हजारांहून अधिक किलोमीटर झाल्यावर शेवटच्या दिवशी व्हर्साय ते पॅरिस अशी साडेचोवीस किलोमीटरची टाइम ट्रायल होती. फ्रान्सचा लोराँ फिन्यो ५० सेकंदांनी पुढे होता. अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने हँडलला पुढे जोडदांड्या लावल्या होत्या. त्यांवर हात टेकून, कोपरं जवळ घेऊन तो वाकला होता. डोक्याला निमुळतं हेल्मेट. फिन्योचं डोकं उघडं, केसांची शेपटी वाऱ्यावर. त्या एका टप्प्यात लेमाँडने त्याच्यावर ५८ सेकंदांची आघाडी मिळवली आणि आठ सेकंदांनी टूर जिंकली. फिन्यो जखमेने बेजार होता, हेही सांगायला हवं. एकट्या हँडलला सगळं श्रेय देणं अन्यायाचं होईल. पण त्या दिवसानंतर टाइम ट्रायलला साधं हँडल लावून यायचं धाडस फारसं कुणी केलं नाही.

आणि ही फक्त पैसेवाल्यांची गोष्ट नाही. स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्रीने स्वतः सायकल बनवली, तिच्यात कपडे धुण्याच्या यंत्रातलं बेअरिंग वापरलं. हात छातीखाली दुमडून बसायची तऱ्हा त्याने शोधली. १७ जुलै १९९३ रोजी नॉर्वेत त्याने तासाभरात ५१.५९६ किलोमीटर कापून जागतिक विक्रम केला. सहाच दिवसांनी ख्रिस बोर्डमनने तो मोडला आणि पुढच्या वर्षी ओब्रीची ती बैठक नियमबाह्य ठरली, हा भाग वेगळा. पण बसायचं कसं, याचा विचार करायला पैसे पडत नाहीत, हे त्याने दाखवलं.

आमच्या मुलाला आम्ही एवढंच सांगितलं: कोपरं वाकव आणि आत घे. पाठ शक्य तेवढी आडवी कर. गुडघे बाहेर फाकू देऊ नकोस. वाऱ्यावर फडफडणारा शर्ट घालू नकोस. साध्या हँडलवर मनगटं टेकून मात्र बसायचं नाही, हात ब्रेकजवळच हवेत. नजर नेहमी समोर. मान खाली घालून सायकल मारणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. उभ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला आपला वेग कळत नसतो. आणि हे वाकणं हळूहळू शिकायचं. एकदम फार वाकलं तर मांडी पोटाला लागते, श्वास कोंडतो आणि पायातलं बळ जातं. मिळालं ते परत गेलं!

पोरगं उत्साही. म्हणालं, "चाचा, आणखी काय काढू? कॅरिअर काढू का?"

"अरे, मग पेपर कशावर नेशील? राहू दे."

सपाट रस्त्यावर किलो-दोन किलो वजनाने फारसं बिघडत नाही; ते चढावर जाणवतं. त्यापेक्षा सीट बघ. टाच पायडलवर ठेवली की खालच्या टोकाला पाय सरळ व्हायला हवा. आपल्याकडे निम्मी माणसं सीट खाली ठेवून, गुडघे दुमडून सायकल चालवतात. ब्रेकचं रबर रिमला घासतंय का बघ. चेन रॉकेलने धू, पूस, तेल दे. हवा पुरेशी भर, पण खडबडीत रस्त्यावर टायर दगडासारखा करू नकोस. उसळ्या मारण्यात ताकद वाया जाते. या सगळ्याला खर्च किती? एक बाटली तेल.

दुसरा फुकटचा वेग आहे सुरुवातीत. छोट्या शर्यतीत सगळ्यांची वाट लागते ती पहिल्या दोन मिनिटांत. त्याचं कारण शरीरातच आहे. सुटताना पायांना स्नायूंत साठवलेली ताकद मिळते. श्वास आणि हृदय त्या कामाला पुरे पडायला मिनिट-दोन मिनिटं घेतात. तोवर सगळं सोपं वाटतं, आपण वाघ आहोत असं वाटतं. मग उसनवारी वसूल व्हायला लागते. मांड्या पेटतात, आणि उरलेले आठ किलोमीटर माणूस कर्ज फेडत राहतो. म्हणून पहिली दोन मिनिटं 'मी मुद्दाम मागे राहतोय' असं वाटलं पाहिजे. मधला भाग असा, की एखादा शब्द बोलता यावा, वाक्य नाही. शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये मात्र काही शिल्लक ठेवायचं नाही. गझल लिहिणाऱ्याला हे लवकर पटतं. पहिल्याच शेरात सगळं सांगून टाकलं तर मक्त्यापर्यंत पोचायचं कशाच्या जोरावर?

वाऱ्याचाही हिशेब असतो. समजा जाताना समोरचा वारा म्हणून वेग पंचवीस आणि येताना पाठीशी वारा म्हणून पस्तीस. सरासरी तीस, म्हणजे वीस मिनिटं, असं वाटतं. पण जाताना बारा मिनिटं लागली आणि येताना ८ मिनिटं ३४ सेकंद. बेरीज २० मिनिटं ३४ सेकंद! कारण हळू भागात आपण जास्त वेळ असतो. म्हणून जोर थोडा जास्त लावायचा तो समोरच्या वाऱ्यात आणि चढावर. पाठीशी वारा असताना किंचित सैल सोडायचं. बहुतेक जण नेमकं उलट करतात, कारण पळतं चाक आणखी पळवण्यात मजा असते.

बैठक आणि सुरुवात सुधारल्यावर महिनाभरात तो मुलगा २० मिनिटं ४८ सेकंदांवर आला. त्यापुढचा वेग मात्र कमवावा लागतो. आठवड्यात एक दिवस चार-चार मिनिटांचे चार-पाच जोराचे तुकडे, मध्ये तीन-चार मिनिटं आराम. दुसऱ्या एका दिवशी पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन तुकडे, शर्यतीपेक्षा जरा कमी वेगाने. एक दिवस लांब, गप्पा मारत. बाकीचे दिवस हलकं किंवा सुट्टी. कारण बळ वाढतं ते विश्रांतीत. पायडलचे फेरे मिनिटाला नव्वदच्या आसपास असावेत. पंधरा सेकंद उजवा गुडघा मोजायचा आणि चारने गुणायचं. शर्यतीआधी पंधरा-वीस मिनिटं अंग गरम करायचं, त्यात दोन-तीनदा जोर लावून बघायचा. शर्यत जितकी छोटी, तितकी ही तयारी महत्त्वाची, कारण मध्ये अंग मोकळं व्हायला वेळच नसतो. रमजानच्या महिन्यात आमच्यातले रोजेदार कोरड्या घशाने जोराचा सराव करत नाहीत. एकादशीचा निर्जळी उपवास करणाऱ्यांनाही मी तेच सांगतो. चाळिशी ओलांडलेल्यांनी आधी डॉक्टरांकडून छाती तपासून घ्यावी.

पण वयाचं भय घेऊ नये. अमेरिकेच्या क्रिस्टिन आर्मस्ट्राँगने २००८, २०१२ आणि २०१६ अशा लागोपाठ तीन ऑलिंपिकमध्ये टाइम ट्रायलचं सुवर्णपदक जिंकलं. तिसरं जिंकलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिला त्रेचाळीस वर्षं पूर्ण झाली.

आणि वही ठेवाच. तोच रस्ता, तीच वेळ. तारीख, वारा, ऊन, झोप, सगळं लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशामुळे फरक पडला ते कळत नाही. मी कवितेतला शब्द बदलतो तेव्हाही एकच बदलतो आणि पुन्हा मोठ्याने वाचतो.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी त्या मुलाने त्याच जड सायकलवर, कॅरिअरसकट, १९ मिनिटं ५२ सेकंदांची नोंद केली. वडिलांनी वहीतला आकडा दोनदा वाचला. कर्ज काढलं नाही. चांगली सायकल त्याला पुढे लागेल, जिल्ह्याच्या बाहेर खेळायचं तर लागेलच. पण तेव्हा ती आळस झाकायला घेतलेली नसेल. आपण कुठवर स्वतःच्या बळावर आलो आणि पुढे कशाची गरज आहे, हे त्याला ठाऊक असेल. गरिबाच्या पोराला एवढं कळलं तर खूप झालं.

तर श्रोतेहो, घरातली सायकल बाहेर काढा. सीट वर करा, हवा भरा, पहाटेचा मोकळा रस्ता बघा आणि दहा किलोमीटरची वेळ एका कागदावर लिहून ठेवा. पहिली दोन मिनिटं तेवढी दमाने घ्या.