पहिला हेडफोन आणि आपले दोन कान



वसंत व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावरून आपण इतिहास, अर्थकारण, तत्त्वज्ञान अशा भारदस्त विषयांवरील व्याख्याने ऐकत असता. त्या मानाने आमचा आजचा विषय लहान, अगदी कानाएवढा आहे. घरी बसून संगीत ऐकण्यासाठी पहिला चांगला हेडफोन कसा निवडावा, एवढेच आम्हांला सांगावयाचे आहे. परंतु विषय लहान म्हणून तो क्षुल्लक ठरत नाही. दोन खोल्यांचे बिऱ्हाड, एका कोपऱ्यात मुलाचा अभ्यास, दुसऱ्या कोपऱ्यात आजीबाईंची मालिका, आणि अशा घरात रात्री दहा वाजता कुणाला मालकंसाचा विलंबित ख्याल ऐकावासा वाटला तर त्याने जावे कोठे? त्याच्यासाठी हेडफोन हीच संगीताची स्वतंत्र खोली होय. भाडे नाही, पागडी नाही. मात्र या खोलीची भिंत थेट कानाला लागून असते. म्हणूनच ती निवडताना अधिक विचार हवा.

हे उपकरण प्रथम संगीतासाठी जन्मलेच नव्हते. अमेरिकेच्या युटा प्रांतातील नॅथॅनिएल बाल्डविन या गृहस्थाने १९१० च्या सुमारास आपल्या स्वयंपाकघरात हेडफोन जुळवले आणि ते तेथील नौदलाने बिनतारी संदेश ऐकण्यासाठी विकत घेतले. पुढे १९३७ साली जर्मनीतील बायरडायनॅमिकने डीटी ४८ हा हेडफोन काढला. १९५८ साली जॉन कॉस यांनी दोन कानांना दोन वेगळे ध्वनी पोहोचवणारा स्टिरिओ हेडफोन बाजारात आणला, आणि तेव्हापासून हे यंत्र खऱ्या अर्थाने रसिकांचे झाले. १९६८ साली सेनहायझरच्या एचडी ४१४ या हेडफोनने कानावरील वाटीची मागची बाजू उघडी ठेवली. ग्राहकाला पडणारा पहिला प्रश्न येथूनच निघतो : वाटी उघडी घ्यावी की बंद?

उघड्या वाटीतून ध्वनी मागे निसटून जातो. त्यामुळे गाणे डोक्यात कोंडल्यासारखे वाटत नाही, मोकळ्या दिवाणखान्यात बसल्यासारखे वाटते. कानही कमी तापतात. पण निसटणारा ध्वनी शेजारी बसलेल्यालाही ऐकू येतो, आणि बाहेरचा गलका तितक्याच मोकळेपणाने आत येतो. बंद वाटीत हे दोन्ही पुष्कळ अंशी अडते, मात्र वाटीत कोंडलेल्या हवेमुळे खर्ज कधी कधी घुमतो. ज्यांचे घर शांत आहे त्यांनी उघडी वाटी अवश्य पाहावी. ज्यांच्या खिडकीखालून एस.टी. जाते, किंवा ज्यांची पलीकडची खाट झोपलेल्या माणसाची आहे, त्यांना बंद वाटीच बरी.

दुसरा प्रश्न हेडफोन कशाला जोडणार हा. खोक्यावर ओहमचा एक आकडा छापलेला असतो. तो विद्युत्प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याचा आकडा. सेनहायझरचा १९९७ चा एचडी ६०० तीनशे ओहमचा आहे. सोनीचा १९९१ चा एमडीआर-७५०६ हा ६३ ओहमचा. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० तर ३२, ८० आणि २५० अशा वेगवेगळ्या ओहमांत निघाला. आकडा मोठा असला की सामान्यतः विजेचा दाब अधिक लागतो आणि नुसत्या मोबाइलला तो बहुधा पेलत नाही. मग वेगळा ॲम्प्लिफायर घ्यावा लागतो. पहिल्या खरेदीत एवढा प्रपंच कशाला मांडावा? मोबाइलवर ऐकणाऱ्याने ३२ ते ८० ओहमच्या दरम्यान पाहावे, आणि त्याच खोक्यावरील संवेदनक्षमतेचा आकडाही विचारून घ्यावा. तो जितका मोठा, तितक्या थोड्या शक्तीत आवाज मोठा होतो.

२०१६ पासून कित्येक मोबाइलांतून वायरीचे भोकच नाहीसे झाले आहे. त्यावर लहानसा जोड मिळतो. बिनवायरी हेडफोन सोयीचे खरे, पण त्यांच्या पोटात बॅटरी असते आणि बॅटरीला आयुष्याची मर्यादा असते. वायरीचा चांगला हेडफोन, त्याच्या गाद्या बदलता येत असतील तर, वर्षानुवर्षे टिकतो. म्हणून दुकानदाराला किंमत विचारण्याआधी हे विचारावे : याच्या गाद्या सुट्या मिळतात काय?

आता किमतीविषयी. महाग ते चांगले, असे आपले मन आपल्याला सांगत असते, आणि जाहिरात त्याला दुजोरा देते. जेरोन ब्रेबार्ट या संशोधकाने २०१७ साली २८३ हेडफोनांची मोजमापे तपासली. खर्जापासून तारापर्यंतचे स्वर हेडफोन कोणत्या प्रमाणात पोहोचवतो आणि त्याची किंमत काय, यांचा काही मेळ बसतो का, हे त्यांनी पाहिले. मेळ बसला नाही. स्वस्त घ्यावे असा याचा अर्थ आम्ही करीत नाही. किमतीत बांधणी, आराम, टिकाऊपणा या गोष्टीही येतात. अर्थ इतकाच की किमतीची चिठ्ठी ऐकण्याचे काम करीत नाही. ते आपल्यालाच करावे लागते.

ते कसे करावे? पूर्ण परिचयाची तीन ध्वनिमुद्रणे बरोबर न्यावीत. एक ख्यालगायनाचे : त्यात तानपुऱ्याच्या तारा सुट्या ओळखू येतात की नुसता गुंजारव उरतो, हे पाहावे. दुसरे तबल्याचे : डग्ग्याची घिस्स स्वराप्रमाणे सरकावी, नुसता धप्प आवाज होऊ नये. तिसरे एखाद्या भावगीताचे : शब्दांतले श, स, च कानाला टोचता कामा नयेत, आणि शब्द मात्र एकही निसटता कामा नये. हेडफोन निदान वीस मिनिटे डोक्यावर ठेवावा. चष्मा असेल तर चष्म्यासकट. कारण पाचव्या मिनिटाला न जाणवणारी दांडी विसाव्या मिनिटाला कानशील दुखवू लागते. दुकानात इतका वेळ देत नसतील तर परत घेण्याची अट आधी ठरवून घ्यावी.

येथे एक सावधगिरी हवी. दोन हेडफोनांची तुलना करताना दोहोंचा आवाज सारखा ठेवावा. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ सालीच दाखवून दिले की, मंद आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो आणि आवाज वाढला की तो भरतो. त्यामुळे थोडा मोठा वाजणारा हेडफोन उगाचच भारदस्त वाटतो. विक्रेत्याने आवाज वाढवून ऐकवले, तर आपण तो खाली आणावा आणि मग निवाडा करावा.

जुन्या गाण्यांच्या शौकिनांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण घरोघर पोहोचले, तेव्हा दोन कानांना दोन ध्वनी देण्याची सोय नव्हती. त्या काळची मुद्रणे हेडफोनवर डोक्याच्या मधोमध ऐकू येतात. तो यंत्राचा दोष समजू नये. बालगंधर्वांच्या किंवा अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्यांची खरखरही चांगला हेडफोन लपवीत नाही. ज्यांचा जीव अशा गाण्यांत आहे, त्यांनी तारस्वर झगझगीत करणारा हेडफोन टाळून सौम्य प्रकृतीचा निवडावा.

श्रोतेहो, आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय घेतला तिच्याकडे येतो. कानाच्या आतील शंखात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. ऐकणे त्यांच्या जिवावर चालते. शेतातले पीक करपले तर पुढल्या हंगामात पुन्हा पेरता येते. माणसाची करपलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मर्यादा सांगितली आहे ती अशी : ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून ४० तास, परंतु ९० डेसिबलचा केवळ ४ तास. आकडा दहानेच वाढला, पण मुभा दशांशावर आली! आणि हे नुकसान दुखत नाही. पहिल्यांदा पक्ष्यांचा बारीक आवाज जातो, मग गर्दीतले बोलणे अस्पष्ट होते, आणि तोवर वेळ गेलेली असते.

आवाज आपण का वाढवतो, याचा विचार करा. एक तर बाहेरच्या गोंगाटावर मात करण्यासाठी. नाही तर हेडफोन बारकावे देत नाही म्हणून ते जोराने ओढून काढण्यासाठी. पहिल्या कारणावर बंद वाटी हा उतारा आहे, दुसऱ्यावर चांगला हेडफोन. म्हणून आमची कसोटी एकच, आणि उघडी की बंद, महाग की स्वस्त हे सारे प्रश्न तीच सोडवते : आपल्या घरात, आपल्या नेहमीच्या वेळी, जो हेडफोन मंद आवाजात आपले समाधान करील तो घ्यावा. हळू बोलणाऱ्या शहाण्या माणसाकडे आपण पुढे सरकून लक्ष देतो, तसे गाण्याकडे लक्ष द्यावयास लावील तो घ्यावा.

घरातल्या तरुणांना आवाज कमी करा असे सांगून फारसे ऐकवत नाही, हा सर्वांचाच अनुभव. त्यांच्यासाठीही खरेदी करताना हीच कसोटी लावावी, आणि त्यांना बरोबर नेऊन त्यांच्याच कानांनी लावू द्यावी. उपदेशाचे काम कधी कधी एक चांगली वस्तू अधिक चोख करते. हेडफोन बिघडला तर बाजारात दुसरा मिळेल. कान मात्र जन्मतः मिळालेले हे दोनच आहेत, आणि अजून कितीतरी गाणे ऐकावयाचे राहिले आहे.