ऑपरेशन चांगले झाले, आता पुढे?

(गणेशोत्सवातील आरोग्यविषयक व्याख्यानात आम्ही दोघांनी मिळून केलेल्या भाषणाचा मजकूर)



बाप्पाच्या मांडवात आजारपणाचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण समोर बसलेल्या मंडळींकडे पाहिले तर गुडघा, हर्निया, पित्ताशय, प्रोस्टेट, गर्भाशय यांपैकी एकही ऑपरेशन झालेले नाही असे घर सापडणे कठीण आहे. आम्ही दोघे याच कामातले. एक जण रुग्णाला भूल देतो, दुसरी त्याला पुन्हा उठवून चालायला लावते. म्हणून आजचे बोलणे दोघांचे मिळून आहे.

ऑपरेशन ठरले की आपल्या घरांत तीन प्रश्न विचारले जातात. सर्जन कोण, रुग्णालय कोणते आणि खर्च किती? तिन्ही प्रश्न रास्तच आहेत. ऑपरेशन झाले की सर्जन बाहेर येऊन सांगतात, ‘चांगले झाले’, आणि सगळे सुटकेचा श्वास टाकतात. पण खरी परीक्षा पुष्कळदा तिथून पुढे सुरू होते. फुप्फुसात कफ साचून न्यूमोनिया होतो, टाक्यांत पू होतो, पायाच्या शिरेत गुठळी धरते, म्हाताऱ्या माणसाला रात्री भ्रम होतो. या गोष्टींचा संबंध केवळ सर्जनच्या हाताशी नसतो. आधीचे चार आठवडे आणि नंतरचे चार दिवस कसे गेले, याच्याशीही असतो. गेल्या तीसेक वर्षांत यावर फार चांगले संशोधन झाले आहे आणि त्यातले बरेचसे आपल्या हातातले आहे.

सुरुवात कोपनहेगनपासून करू. तिथले सर्जन हेन्रिक केहलेट यांनी १९९०च्या दशकात एक साधा प्रश्न धरून ठेवला. मोठ्या आतड्याचा भाग काढलेला रुग्ण आठ-दहा दिवस रुग्णालयात का राहतो? उत्तरे उघड होती. दुखते म्हणून हलत नाही, आतडे चालू होत नाही म्हणून खात नाही, खात नाही म्हणून अशक्तपणा येतो, नाकात-पोटात नळ्या असतात म्हणून उठता येत नाही. केहलेट यांनी एकेक कारण वेगळे काढले. पाठीतून कॅथेटर घालून वेदना थांबवल्या, त्यामुळे आतड्याला सुस्त करणारी अफूच्या वर्गातली औषधे कमी लागली. गरजेशिवाय नळ्या ठेवल्या नाहीत. त्याच दिवशी तोंडाने द्रव दिले, त्याच दिवशी रुग्णाला उठवले. १९९९ साली त्यांनी सोळा रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. पोट उघडून आतड्याचे ऑपरेशन झालेली ही माणसे साधारणपणे दोन दिवसांत घरी जाण्याजोगी झाली होती.

सोळा रुग्णांवरून जग बदलत नाही आणि बदलूही नये. म्हणून २००१ साली लंडनमध्ये युरोपातले काही सर्जन एकत्र आले आणि प्रत्येक पायरीला पुरावा काय आहे हे तपासू लागले. त्यातून जी पद्धत उभी राहिली ती आज ‘ईरास’ या नावाने ओळखली जाते. तिच्यात चमत्कार असा एकही नाही. वीसेक छोट्या गोष्टी आहेत आणि त्या सगळ्या एकत्र पाळायच्या आहेत.

आता त्यातली आपल्याला सर्वांत जवळची गोष्ट, म्हणजे उपास.

भूल दिली की घशाचा पहारा उठतो. पोटातले वर येऊन श्वासनलिकेत गेले तर जिवावर बेतू शकते. न्यूयॉर्कचे कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ साली ४४,०१६ गर्भवतींच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ६६ जणींच्या बाबतीत असे घडले होते. भीती खरी होती. तिच्यातून ‘रात्री बारानंतर पाणीसुद्धा नाही’ हा नियम जगभर रूढ झाला. पण अन्न आणि पाणी यांत फरक आहे. निरोगी पोटातून साधे पाणी फार लवकर पुढे सरकते. हे तपासून पाहिल्यावर अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ साली नियम बदलला. ठरवून केलेल्या ऑपरेशनआधी हलके खाणे सहा तास बंद, तळलेले-जड आठ तास बंद, पण पाणी, दूध नसलेला चहा, गर नसलेला गाळलेला रस दोन तास आधीपर्यंत चालतो. दुधाचा चहा मात्र पाण्यात मोजायचा नाही, तो खाण्यात मोजायचा.

तरीही सकाळी अकराला नंबर असलेल्या आजी आदल्या रात्री आठपासून कोरड्या तोंडाने बसलेल्या आम्ही पाहतो. कौतुकाने सांगतात, ‘डॉक्टर, थेंबसुद्धा घेतला नाही.’ आपल्याला निर्जळी एकादशीची सवय आहे. पण उपास जितका कडक तितके पुण्य जास्त, हा हिशेब इथे चालत नाही. शरीर कोरडे पडते, डोके दुखते, रक्तदाब उतरतो. अर्थात ज्यांना मधुमेहामुळे पोट सावकाश रिकामे होण्याचा त्रास आहे, ज्या गर्भवती आहेत, ज्यांचे ऑपरेशन तातडीचे आहे, त्यांचा नियम वेगळा. म्हणून मनाने ठरवू नका. ‘पाणी किती वाजेपर्यंत चालेल आणि सकाळच्या गोळ्यांपैकी कोणत्या घ्यायच्या?’ हे भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशी विचारा आणि कागदावर लिहून घ्या.

दुसरी गोष्ट, श्वास. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये पोटाच्या वरच्या भागाचे मोठे ऑपरेशन होणार असलेल्या ४४१ जणांवर एक चाचणी झाली, ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला माहितीची पुस्तिका दिली. दुसऱ्याला पुस्तिकेबरोबर फिजिओथेरपिस्टने ऑपरेशनच्या आधी एकदाच, अर्धा तास बसून शिकवले. फुप्फुसे का आखडतात, शुद्धीवर आल्याबरोबर खोल श्वास कसे घ्यायचे, ते किती वेळा करायचे. पुस्तिकेच्या गटात शंभरातल्या २७ जणांना फुप्फुसाचा त्रास झाला, शिकवलेल्या गटात १२ जणांना. एका अर्ध्या तासाचा एवढा परिणाम! यात महत्त्वाचा शब्द ‘आधी’ हा आहे. ऑपरेशननंतर दुखत असताना, अर्धवट गुंगीत शिकवलेले डोक्यात शिरत नाही.

सिगारेट-बिडीचेही तसेच. डेन्मार्कमध्ये गुडघा आणि खुबा बदलण्यासाठी आलेल्या १२० धूम्रपान करणाऱ्यांवर चाचणी झाली. ऑपरेशनच्या सहा ते आठ आठवडे आधीपासून एका गटाला सिगारेट सोडायला किंवा निदान निम्मी करायला मदत केली. २००२ साली निष्कर्ष आले. नेहमीच्या पद्धतीच्या गटात ५२ टक्के लोकांना काही ना काही गुंतागुंत झाली, मदत मिळालेल्या गटात १८ टक्क्यांना. गुडघ्याचे ऑपरेशन उद्या सकाळी नसते, तारीख दोन महिने आधी ठरते. तो काळ वाट पाहण्यात घालवायचा की तयारीत, हे घरानेच ठरवायचे आहे.

तिसरी गोष्ट सांगताना आम्हांला थोडे भांडायचे आहे, तेही प्रेमळ माणसांशी. ऑपरेशननंतर भेटायला आलेला प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो, ‘आता अजिबात हलायचे नाही, पडून राहा, टाके तुटतील.’ हे प्रेम आहे, पण ते महागात पडते. पडून राहिले की फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो, पायांत रक्त साकळते, मांड्यांचे स्नायू काही दिवसांतच झिजू लागतात. सत्तरीच्या माणसाचे असे गेलेले बळ सहज परत येत नाही. शिकागोचे एमिल रीस यांनी पोटाच्या ऑपरेशननंतर रुग्णाला लवकर उठवावे, असे १८९९ साली लिहिले होते. ते सर्वमान्य व्हायला अर्धे शतक लागले आणि आपल्या घरांत अजून पोचायचे आहे. फिजिओथेरपिस्ट पहिल्याच संध्याकाळी काकांना खुर्चीत बसवते तेव्हा ‘किती निर्दय बाई’ असे चेहरे करू नका. काका पुन्हा स्वतःच्या पायांनी देवघरापर्यंत जावेत, यासाठीच ती झटत असते. कोणत्या ऑपरेशननंतर किती हालचाल चालते, हे मात्र सर्जनकडूनच समजून घ्यायचे.

चौथी गोष्ट जखमेतल्या संसर्गाची. यावरचे दोन मोठे अभ्यास भारतासह सात देशांत झाले. बेनिन, घाना, मेक्सिको, नायजेरिया, रवांडा आणि दक्षिण आफ्रिका हे बाकीचे सहा. पहिला २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात ५,७८८ रुग्णांवर दोन प्रश्न तपासले. कातडी स्वच्छ करायला स्वस्त आयोडीन चांगले की महाग क्लोरहेक्सिडीन? आणि साधा टाका चांगला की जंतुनाशक लावलेला महाग टाका? उत्तर आले, फरक दिसत नाही. दुसरा अभ्यास २०२२चा. त्यात ८१ रुग्णालयांतल्या १३,३०१ रुग्णांवर एवढेच पाहिले, की पोट शिवण्याआधी सगळ्यांनी हातमोजे बदलले आणि नवी निर्जंतुक अवजारे घेतली तर काय होते? नेहमीच्या पद्धतीत १८.९ टक्के रुग्णांच्या जखमेत संसर्ग झाला, मोजे-अवजारे बदलल्यावर १६ टक्के. म्हणजे शंभरांमागे जवळजवळ तीन माणसे पुवातून, ड्रेसिंगच्या फेऱ्यांतून आणि बुडालेल्या रोजंदारीतून वाचली. महाग वस्तू हरली, साधी सवय जिंकली. हे अंदाजाने सांगता आले नसते, मोजावेच लागले.

म्हणूनच आम्हांला अगदी मनापासून एक मुद्दा मांडायचा आहे. ‘आमच्या अभ्यासात सहभागी व्हाल का?’ असे एखाद्या रुग्णालयाने विचारले की आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया असते, ‘आमच्यावर प्रयोग करताय का?’ भीती समजण्यासारखी आहे. ती हसण्यावारी नेऊ नये. पण जरा विचार करा. वर सांगितलेला प्रत्येक आकडा म्हणजे अशा माणसांच्या नोंदी आहेत. त्या ठेवल्या नसत्या तर आजही आपण महाग टाक्याचे पैसे भरून निश्चिंत झालो असतो. उद्या आपल्या नातीच्या ऑपरेशनला जे ज्ञान उपयोगी पडेल, त्याची आज कोणाला तरी भागीदारी घ्यावी लागते.

‘हो’ म्हणा असे आम्ही सांगत नाही. विचारून ठरवा, एवढेच म्हणतो. नीतिविषयक समितीची मंजुरी आहे का? संमतिपत्र मला समजेल अशा भाषेत मिळेल का? वाचायला वेळ मिळेल का? नाही म्हटले किंवा मध्येच बाहेर पडलो तर उपचारात फरक पडणार नाही ना? इजा झाली तर जबाबदारी कोणाची? नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी आपल्या देशात २०१९ साली केलेल्या नियमांत वैद्यकीय उपचार आणि भरपाई यांची तरतूद आहे. या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली तर विचार करावा. उत्तर देताना कोणी घाई केली तर नम्रपणे ‘नको’ म्हणावे.

शेवटी घरी नेण्यासाठी सहा प्रश्न. पाणी कधीपर्यंत प्यायचे? श्वासाचे व्यायाम आधीच कोण शिकवणार? दुखणे थांबवण्यासाठी काय योजना आहे? पहिल्यांदा बसवणार कधी, चालवणार कधी? तोंडाने खाणे कधी सुरू? आणि घरी गेल्यावर ताप, धाप, पोटरी सुजणे किंवा जखमेतून पाणी येणे असे काही झाले, तर रात्री कोणत्या नंबरवर फोन करायचा?

हे प्रश्न विचारल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही. आम्हांला तर असे नातेवाईक भेटले की काम सोपे होते. सोबत राहणाऱ्या माणसाने वहीत उत्तरे लिहून घ्यावीत आणि भेटायला येणाऱ्यांनी सफरचंदांची पिशवी ठेवून झाल्यावर रुग्णाला हाताला धरून व्हरांड्यातून एक फेरी मारून आणावी, अर्थात सिस्टरना विचारून.

 आरतीची वेळ झाली आहे, तेव्हा इथेच थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!