पहिली ओळ कोणी टाकायची?

पेण म्हटलं की लोकांना गणपतीच आठवतात, आणि ते बरोबरच आहे. पेणमध्ये आणि जवळच्या हमरापूर, जोहे या गावांत वर्षभर मूर्ती घडत असतात. साच्यातून काढणं, घासून गुळगुळीत करणं, रंग, शेवटी डोळ्यांची आखणी. प्रत्येकाचं काम ठरलेलं असतं. मी आज बोलणार आहे ते मात्र कोणीही न ठरवता होणाऱ्या कलेबद्दल, म्हणजे गौरीच्या रात्रीच्या फेराबद्दल.

पेणपासून रोह्यापर्यंत गावोगावी, गौरी आल्या की जेवणं आटोपून बायका अंगणात फेर धरतात. एक जण ओळ टाकते, बाकीच्या ती उचलतात. त्या उचलतात तेवढाच वेळ पुढची ओळ सुचायला मिळतो. चाल जुनी, ध्रुवपद जुनं. मधली जागा मोकळी. तिथे घरातल्यांची नावं येतात, मुंबईहून उशिरा पोहोचलेला दीर येतो, चुकलेली एसटीसुद्धा येते. एखादीला शब्द सापडला नाही तर शेजारची ओळ पुरी करते. यमक हुकलं तरी पाय थांबत नाहीत. हे गाणं कोणी रचलं, असं सकाळी विचारलं तर कोणालाच सांगता येत नाही.

आमच्या शेजारच्या वाडीत एका सुनेनं, दोन वर्षं माहेरी धाडलं नाही, हे फेरात गाऊन टाकलं. सासूही फेरात होती. तिलाही ती ओळ उचलावी लागली, कारण फेर मोडायचा नसतो! मग पुढची ओळ तिनं टाकली, सुनेच्या माहेरून दिवाळीला काय आलं नाही त्याची. सगळ्या पोट धरून हसल्या. नवरात्राआधी सून माहेरी जाऊन आली. गाण्यामुळेच, असं मी म्हणणार नाही. पण चुलीपाशी त्या दोघी हे बोलल्या नसत्या, एवढं नक्की.

हल्ली गौरीगीतांच्या स्पर्धा होतात. एकसारख्या साड्या, मोजलेली मिनिटं, पाठ केलेलं गाणं. मी परीक्षक म्हणून बसले आहे. बायकांना व्यासपीठ मिळतं, ते चांगलंच आहे. पण पाठ केलेल्या गाण्यात सासूला उत्तर द्यायला जागा नसते. स्पीकरवरच्या गाण्यात तर कोणालाच नसते.

ठरलेलं आणि मोकळं एकत्र नांदू शकतं, हे रोह्यात दिसतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघते. पोलिसांची सशस्त्र मानवंदना ठरलेली असते. दारापुढची रांगोळी मात्र ज्याची त्याची. येणाऱ्याजाणाऱ्या पोरीही त्यात चिमूटभर रंग भरतात.

म्हणून एक सुचवते. गौरीच्या रात्री तासभर स्पीकर बंद ठेवा आणि मोबाइलवर चित्रण करू नका. कॅमेरा दिसला की सुना गप्प होतात. मग पहिली ओळ कोणी टाकायची, हा प्रश्न येईलच. आमच्याकडे ती घरातली म्हातारी टाकते. तिचा आवाज चिरका असला तर जास्तच बरं. बाकीच्यांची भीड आपोआप चेपते.