लवादावर हरकत कधी घ्यायची?



समजा, खामगावात जिनिंगच्या शेडचं काम तुम्ही घेतलं.
शेवटचं बिल अडकलं.
करारनामा उघडला, तर शेवटच्या पानावर बारीक अक्षरात एक ओळ:
"वाद झाल्यास मालक नेमतील तो लवाद."
आणि मालकांनी नेमला आपलाच सल्लागार!

अशा वेळी हरकत घेता येते.
पण वेळेत.

कायदा आहे 1996 चा, लवाद आणि समेटाचा.
वादाशी ज्याचं हित जोडलेलं आहे, अशा माणसाला लवाद होता येत नाही.
एका पक्षाचा नोकर किंवा सल्लागारही चालत नाही.
वाद उभा राहिल्यावर दोघांनी लेखी मान्यता दिली, तरच अपवाद.
म्हणून घाईत सही करू नका.

रेल्वेच्या एका कंत्राटाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता.
2024 साली घटनापीठाने सांगितलं:
एकाच पक्षाने एकमेव लवाद नेमणं समन्यायी नाही.
मलकापूर, नांदुऱ्याकडच्या रेल्वे कंत्राटदारांनी हे जरूर ऐकावं.

दुसरी हरकत अधिकाराची.
हा वाद करारात बसतच नाही, असं तुमचं म्हणणं असेल,
तर ते लवादापुढेच मांडा.
लेखी उत्तर देताना, किंवा त्याआधी.
पुन्हा सांगतो: लेखी उत्तराच्या नंतर नाही.
लवादाच्या नेमणुकीत तुमचा हात असला, तरी ही हरकत घेता येते.

लवादाने ती फेटाळली, तर काम पुढे चालतं.
मग निवाडा हाती आल्यापासून तीन महिन्यांत तो रद्द करण्यासाठी न्यायालयात अर्ज करायचा.
लवादाचं स्थान बुलढाणा ठरलं असेल, तर तो अर्ज बुलढाण्यातच.