शिवणावळ की घडणावळ?

मजुरीला आपल्या मराठीत किती नेमके शब्द आहेत! शिंप्याला द्यावयाची ती शिवणावळ, सोनाराची ती घडणावळ, परटाची ती धुणावळ. परंतु बाजारातून सुटे भाग आणून त्यांचा संगणक जोडून देणाऱ्याने जे घ्यावयाचे, त्याला अजून नाव नाही. आणि नाव नसल्यामुळेच की काय, त्याचा दरही कोणी ठरविलेला नाही. या दराने आमच्या घरात यंदा थोडी अशांतता माजविली. श्रोतेहो, ती हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

मी केंद्र सरकारच्या एका खात्यात नोकरीस आहे आणि गेली अनेक वर्षे दिल्लीत राहतो. संगणक जोडण्याचा नाद मला विद्यार्थिदशेपासूनचा. शेजारी, सहकारी, मराठी मंडळातील स्नेही अशा कितीतरी जणांना मी यंत्रे जोडून दिली आणि कधी एक पैसा घेतला नाही. तो घेता येतही नव्हता. केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम, १९६४ यांतील पंधराव्या नियमान्वये सरकारी सेवकाला पूर्वसंमतीवाचून व्यापारधंदा करता येत नाही, आणि खासगी व्यक्तीच्या कामाबद्दल शुल्कही घेता येत नाही. या नियमाकडे बोट दाखविणे मला सोयीचे होते. खरे सांगावयाचे तर फुकट काम करण्यात मला एक प्रकारचा मोठेपणा मिळत होता. त्या मोठेपणाची किंमत दुसराच कोणी देणार आहे, हे मात्र मला उशिरा कळले.

तो दुसरा म्हणजे माझा भाचा. पदविका घेऊन नोकरीच्या शोधात तो नागपूरहून आमच्याकडे आला. हात कुशल, स्वभाव भिडस्त. रिकामा बसण्यापेक्षा त्याने माझेच काम पुढे चालविले, आणि मोठ्या धीराने प्रत्येक यंत्रामागे पाचशे रुपये मागू लागला. ‘तुमचे मामा तर काहीच घेत नसत,’ हे वाक्य त्याला जवळजवळ प्रत्येक घरी ऐकावे लागले. वसाहतीतला दर मी शून्य करून ठेवला होता, आणि माझ्या शून्यातून त्याला पाचशे वर काढावयाचे होते.

अकरा यंत्रे झाली. बाराव्याच्या वेळी प्रोसेसर बसविताना त्याचा हात हलला आणि मदरबोर्डवरील खाचेतल्या केसासारख्या बारीक पिना वाकल्या. हाताने झालेली अशी इजा उत्पादकाच्या हमीत बसत नाही. मदरबोर्ड नऊ हजारांचा. अकरा यंत्रांची कमाई साडेपाच हजार. चार दिवस तो जेवणाच्या वेळी गप्प होता. पाचव्या दिवशी साडेतीन हजार रुपये उसने मागण्यास आला, तेव्हा सारा प्रकार मला समजला. पैसे मी दिले. परंतु त्याने नंतर विचारले, ‘मामा, मग घ्यावे तरी किती?’ या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. एम.ए. झालेल्या व आयुष्यभर टिपणे लिहिणाऱ्या माणसाने करावे तेच मी केले. कागद पुढे ओढला.

पहिला विचार सुचतो तो शेकड्याचा. भागांच्या किमतीवर शेकडा पाच किंवा दहा घ्यावे, म्हणजे झाले. आजकाल बरेच सराफ घडणावळ अशीच लावतात. पण पंधरा हजारांचे ग्राफिक्स कार्ड बसविण्यास जितकी मिनिटे लागतात, तितकीच ऐंशी हजारांचे बसविण्यासही लागतात. शिवाय शेकड्यात एक सूक्ष्म लोभ दडलेला असतो. ज्याची मजुरी किमतीबरोबर वाढते, त्याचा सल्ला हळूहळू महाग वस्तूकडे झुकू लागतो, आणि त्याला स्वतःला ते कळतही नाही. पत्रे लिहिणाऱ्या व बँकेचे हिशेब पाहणाऱ्या निवृत्त गृहस्थाला मोठ्या ग्राफिक्स कार्डाची गरज नाही, हे सांगणाऱ्याची मजुरी त्या सांगण्याने घटता कामा नये. शिंपी कापडाच्या भावावर शिवणावळ आकारीत नाही. कापड गिऱ्हाइकाचे, श्रम त्याचे. मला शिंपी पटला.

मग तास मोजले. बेचाळीस हजारांच्या एका साध्या यंत्राचा हिशेब घेतला. गरज समजून घेऊन परस्परांशी जुळणारे भाग निवडण्यास तीन तास. नेहरू प्लेसला जाऊन, चार दुकानांत भाव विचारून परत येण्यास चार. प्रत्यक्ष जोडणीस तीन. विंडोज अथवा लिनक्स घालणे, ड्रायव्हर, देवनागरीचा इन्स्क्रिप्ट कळफलक व चाचण्या यांस तीन. आणि घरी नेऊन मांडून देण्यास एक. एकूण चौदा. मेमरीची चाचणी रात्रभर चालते, ती धरलेली नाही. त्या वेळी माणूस झोपू शकतो. पाचशेला चौदाने भागले असता तासाला पस्तीस-छत्तीस रुपये पडतात. त्याच आठवड्यात आमच्याकडे पंखा दुरुस्त करण्यास आलेल्या कारागिराने, येण्याजाण्यासह तासाभराच्या कामाचे, तीनशे रुपये घेतले होते आणि आम्ही ते निमूटपणे दिले होते. भाचा अजून नवशिका, म्हणून त्याचे निम्मे धरले. दीडशेप्रमाणे चौदा तासांचे एकवीसशे होतात.

‘पण दुकानदार तर जोडणी फुकट करून देतात,’ भाचा म्हणाला. देतात, हे खरे. परंतु प्रत्येक भागाच्या विक्रीत त्यांचा नफा अगोदरच बसलेला असतो. भाचा भाग विकत नाही, श्रम विकतो. ज्याला तो नफा नाही त्याने ते ‘फुकट’ उसने आणू नये.

यानंतर जोखमीचा प्रश्न येतो, आणि सगळे हिशेब चुकतात ते येथेच. नऊ हजारांचे नुकसान बारा यंत्रांवर पसरले तर दर यंत्रामागे साडेसातशे येतात. पण शिकाऊपणाचा सारा दंड गिऱ्हाइकाने का भरावा? आम्ही चारशे धरले. हात जसजसा बसेल तसतसे ते कमी व्हावेत. एकवीसशे आणि चारशे मिळून अडीच हजार झाले. फार महागड्या भागांच्या यंत्राला मात्र जोखमीपुरती रक्कम वाढवावी. शेकडा इतपतच आत येऊ दिला.

दुसरी जोखीम भावाची. २०२५च्या अखेरीस मेमरीचे भाव भराभर चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणककेंद्रांकडे कारखानदारांनी उत्पादन वळविले, आणि घरगुती गिऱ्हाईक रांगेत मागे पडले. भाच्याने सोमवारी सांगितलेला आकडा शनिवारी बाजारात खरा राहिला नाही, आणि भिडेपोटी फरक त्याने सोसला. तेव्हा असे ठरविले की भागांचे पैसे गिऱ्हाइकाने थेट दुकानदारास द्यावेत आणि बिल गिऱ्हाइकाच्याच नावाचे असावे. यात गिऱ्हाइकाचेही हित आहे. हमीसाठी बिल त्याच्या नावाचे लागते. तो नोंदणीकृत व्यापारी असेल तर जीएसटीची वजावट त्यालाच मिळू शकते. भाच्याच्या उलाढालीत केवळ मजुरी धरली जाते, आणि सेवा देणाऱ्यास दिल्लीत वर्षाला २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. ती मर्यादा गाठण्याची काळजी तूर्त आमच्या घरात कोणास नाही.

उरला प्रश्न नंतरच्या सेवेचा. हा मला सर्वांत कठीण वाटला. गावगाड्यात सुतार शेतकऱ्याचा नांगर वर्षभर सांभाळी आणि सुगीला बलुते घेई. मोडतोडीचा वेगळा हिशेब नसे. म्हणजे देखभाल मोबदल्यातच आली. आमच्या वसाहतीने माझ्याकडून ही बलुतेदारी चोख करून घेतली होती, फक्त बलुते तेवढे राहून गेले! अर्थात बलुत्याचे गोडवे मी गाणार नाही. खळ्यावर किती पडावे, हे पुष्कळदा देणाऱ्याच्या मर्जीवर असे, आणि घेणारा हात पसरून उभा असे. भाच्याने तसे उभे राहू नये. म्हणून तीन महिने जोडणीतील दोष विनामूल्य दुरुस्त करावेत, भागांतील दोषांसाठी उत्पादकाची हमी, आणि प्रिंटर, विसरलेले संकेतशब्द व नातवाने पुसून टाकलेली छायाचित्रे यांचा आकार वेगळा घ्यावा, असे कागदावर लिहिले. एकावर मात्र आमचा वाद झाला नाही. चोरटे विंडोज घालून दर कमी दाखवावयाचा नाही. परवान्याचे पैसे नसतील त्याने लिनक्स आनंदाने वापरावे.

पहिला प्रयोग तळमजल्यावरील निवृत्त गृहस्थांवर झाला. मी मुद्दाम गेलो नाही. भाच्याने कागद त्यांच्यापुढे ठेवला व अडीच हजार हा आकडा खाली मान घालून उच्चारला. त्यांनी चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला, ‘मामा काही घेत नसत,’ हे वाक्य यथासांग म्हटले, आणि यंत्र हाती आल्यावर पूर्ण रक्कम मोजून दिली. भाच्याने माझे उसने पैसे फेडण्यास सुरुवात केली आहे. अजून दोन हजार बाकी आहेत.

चौथ्या दिवशी रात्री साडेनऊला त्या गृहस्थांचा दूरध्वनी आला. प्रिंटर चालत नव्हता. दूरध्वनी भाच्याला नव्हे, मला होता.